तेलगोट्यांच्या गोळ्या

आजार व्हायचाच असेल तर तो चारचौघांत सांगता येईल असा व्हावा, एवढी माफक अपेक्षा जानराव खंडाऱ्यांची होती. दमा चालला असता. मधुमेह तर फारच चांगला; कोर्टातल्या दोन वकिलांना तो होता आणि ते त्याबद्दल संत्र्याच्या बगीच्याबद्दल बोलावं तसे बोलत. पण अमरावतीच्या कोर्टात बेलिफ म्हणून हयात काढलेल्या, ज्यांचा खाकी कोट गल्लीच्या तोंडाशी दिसला की घरोघरचे पुरुष मागच्या दाराने शेताकडे निघून जात, त्या जानरावांना जो आजार झाला तो सांगायचा म्हणजे आधी त्याची जागा सांगावी लागे. आणि ती जागा सांगितल्यावर खाकी कोटाला काही अर्थ उरत नसे. तसाही कोट आता खुंटीलाच होता, कारण जानराव सेवानिवृत्त झाले होते.

चौसष्ट सालचा उन्हाळा. एके सकाळी लघवी अडली ती अडलीच. दवाखान्यात नळी घालून ती मोकळी केली, आणि मग डॉक्टरांनी हातात रबरी मोजा चढवून त्यांना भिंतीकडे तोंड करून कुशीवर व्हायला सांगितलं. पुढच्या तपासणीचं वर्णन करण्याचं कारण नाही. भिंतीवर देवीच्या लसीची पाटी होती. जानराव ती सरकारी कर्तव्य समजून वाचत राहिले. डॉक्टर तोवर पावसापाण्याचं बोलत होते, ते एकाएकी गप्प झाले. मागे माणूस आहे आणि तो गप्प आहे, हे फार वाईट असतं. निकाल वाचण्याआधी न्यायाधीश असेच गप्प होत, आणि त्या शांततेत कोर्टातला पंखासुद्धा हळू फिरतो असं जानरावांना नेहमी वाटायचं.

गाठीचा तुकडा नागपूरला गेला आणि नागपूरहून उत्तर आलं. कॅन्सर.

डॉक्टर पुण्याकडचे, सरळ बोलणारे. लघवीच्या पिशवीखाली प्रत्येक पुरुषाला सुपारीएवढी एक गाठ असते, तिला प्रोस्टेट म्हणतात, तिथे हे बसलंय, असं त्यांनी सांगितलं. मुंबईला किरणांनी शेकतात, पण कॅन्सरने गाठीचं कुंपण ओलांडलं आहे, तेव्हा त्याचा उपयोग नाही. या रोगाला खतपाणी घालतो तो पुरुषाच्या अंगातला रस. तो तोडला की रोग सुकतो, निदान बरीच वर्षं दबून राहतो. तोडायचे रस्ते दोन. एक, लहानसं ऑपरेशन करून दोन्ही अंडं काढून टाकायची. दुसरा, रोज गोळी घ्यायची. त्या गोळीत बायकांच्या अंगातलं द्रव्य असतं. पाय सुजू शकतात. छाती मात्र बायकांसारखी भरून येते. महिनाअखेरीपर्यंत काय ते ठरवून सांगा.

जानरावांनी बराच वेळ आपल्या टोपीची घडी नीट केली. मग त्यांनी विचारलं की गोळ्या खाऊन माणूस जगतो कसा, हे कोणी सांगेल काय.

डॉक्टर म्हणाले, "अकोल्याला जुन्या शहरात पंजाबराव तेलगोटे म्हणून आहेत. दोन वर्षांपासून गोळी चालू आहे. त्यांनाच जाऊन विचारा."

"बरे हायेत?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मी पाहिलेलं नाही. गोळ्या न्यायला बायको येते. पण गोळ्या संपतात, म्हणजे कोणीतरी खातंय."

हे वाक्य घेऊन जानराव भर दुपारी घरी आले. वऱ्हाडातल्या मे महिन्यातली दुपार ही इतरांच्या मध्यरात्रीसारखी असते. दारं बंद, रस्ता पांढराफटक, आणि एकटी झळ धुळीचा पदर ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असते. त्या रस्त्यात जानरावांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या पावलांचा आवाज येत नाहीये. थांबून त्यांनी पाय आपटला. आवाज आला. मग एका खिडकीतून कोणीतरी आपल्याकडे पाहत असल्याचं ध्यानात येऊन ते चालू लागले.

घरी त्यांनी बायकोला, चतुराबाईंना, फक्त 'गाठ हाये' एवढंच सांगितलं. चतुराबाईंनी कोणालाच सांगितलं नाही. तरी संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. माणूस मरणार असल्याचं त्याच्याआधी गल्लीला कसं कळतं, याचा शोध अजून लागायचा आहे. जानराव आले की ओट्यावरची बोलणी खालच्या सुरात जाऊ लागली. शेजारणी त्यांच्या आवडीचं काय काय झाकून आणू लागल्या. वर्षानुवर्षं पाहिलं की भुंकणारं कोपऱ्यावरचं कुत्रं, ते आता नुसतं बघायचं आणि बाजूला सरकून वाट द्यायचं. जप्तीत ज्याचा बैल जानरावांनी सोडून नेला होता, तो माणूस एके दिवशी आला, पाया पडला आणि म्हणाला की तुमच्याबद्दल मनात काई नाही. जानरावांनाही त्याच्याबद्दल मनात काही नव्हतं, पण तो गेल्यावर त्यांनी दाराला आतून कडी घातली.

आणि सल्ले सुरू झाले. समोर राहणारे शेषराव हायस्कुलातून गणिताचे मास्तर म्हणून बाहेर पडले होते आणि होमिओपॅथीची पेटी घेऊन आत शिरले होते. त्यांनी प्रोस्टेट हा शब्द ऐकला आणि पोस्टात काम करणाऱ्यांना तो रोग जास्त होतो असं शांतपणे सांगितलं. जानराव कोर्टात होते याची आठवण दिल्यावर त्यांनी समन्स आणि टपाल यांतला सारखेपणा काढून दाखवला. मग साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या आणि कांदा बंद केला. नाल्यापलीकडे भाजी पिकवणारे नत्थुजी माळी दुधीभोपळे घेऊन आले. दुधी ठेवले, गोखरूचा काढा सांगितला, डोंगराकडच्या एका बाबाचा अंगारा सुचवला. अंगारा जानरावांनी ताबडतोब परत केला. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा देव, भूत, अंगारा, उतारा हे सगळं त्यांनी एकाच दिवशी सोडलं होतं, आणि सरकारी नोकरीत सोडलेला चार्ज पुन्हा घेत नाहीत. नत्थुजींना वाईट वाटलं नाही. ऑपरेशनची कुणकुण त्यांना कुठून लागली कोण जाणे. जाताजाता त्यांनी धीर दिला.

"भेऊ नका, जानरावभाऊ. खच्ची केलेला बैल गोऱ्ह्यापक्षा जास्त जगते. मह्या ढवळ्याले पाहा."

जानरावांनी ढवळ्याला पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून रस्त्याने बैलगाडी आली की ते तोंड फिरवून उभे राहू लागले. बैल मात्र, त्यांना वाटे, जाताना वळून बघतात.

शेवटी बडनेऱ्याहून गाडी धरून ते अकोल्याला निघाले. मूर्तिजापुरात गाडी बराच वेळ खोळंबली. शेजारच्या फलाटावर अचलपूरची छोटी गाडी उन्हात उभी होती आणि तिच्या डब्यांत एकही माणूस नव्हतं; तरी ती शिट्टी देऊन निघून गेली. जानरावांनी त्याचा काही अर्थ काढला नाही. अर्थ काढायचा नाही असं त्यांनी ठरवलंच होतं.

मोर्णा ओलांडून ते जुन्या शहरात शिरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. नदीत पाणी नव्हतं, दगडच होते. गल्ल्या अरुंद, दारं बंद. एका ताडपत्रीखाली चहावाला तेवढा जागा होता. जानरावांनी तेलगोट्यांचं घर विचारलं. चहावाल्याचा हात कपबशी धुता धुता थांबला.

"पंजाबराव तेलगोटे? जिनिंगातले काटेवाले? ते तं गेले."

"कुठं?"

चहावाल्याने बोट ताडपत्रीकडे केलं. ताडपत्रीच्या वर काय आहे ते जानरावांना कळलं. मग त्याने आवाज उतरवून पुढचं सांगितलं. नागपूरच्या दवाखान्यात गेले ते तिकडेच. घरी बायको एकटी. पण घरात दुसरं काहीतरी आहे. दिवस कलला की मागच्या विहिरीवर एक बाई दिसते; अंगावर हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. अर्ध्या मोहल्ल्याने पाहिली आहे. त्यात एका म्हाताऱ्याने तोंडही पाहिलं, तो पुढे बरेच दिवस तापाने पडला.

"कावून? तोंडाले काय झालं?"

"मिशा," चहावाला म्हणाला. "हडळीले मिशा हायेत."

जानराव हसले. अंधश्रद्धेला हसावं असं त्यांचं तत्त्व होतं. पण हसू तोंडातून बाहेर आलं ते वाळलेलं आलं, आणि चहा न पिताच ते उठले.

घर गल्लीच्या शेवटी होतं. कडी वाजवल्यावर बऱ्याच वेळाने दार बोटभर उघडलं. फटीत एक बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या सुंदराबाई, तेलगोट्यांची बायको. पंजाबराव आहेत का, असं विचारताच त्या म्हणाल्या, "घरी नाहीत."

इथे जानरावांची सारी नोकरी त्यांच्या कामी आली. समन्स घेऊन ते हजारो दारांत उभे राहिले होते. माणूस मेलेला असला की घरचे 'गेले' म्हणतात, नाहीतर रडतात. 'घरी नाहीत' हे फक्त जिवंत माणसाबद्दल बोलतात, आणि तेही तो घरी असताना.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मी अमरावतीहून आलो. डाक्टरनं पाठोलं. मलेबी तेच हाये."

दार उघडलं आणि त्यांच्या मागे लागलंसुद्धा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतलं काही दिसेना. मधल्या खोलीत वाळ्याचा ओला वास होता. तिथे खाटेवर भिंतीला टेकून एक बाई बसली होती. हिरवं लुगडं खांद्यावरून घेतलेलं, पदर डोक्यावर. पदराखाली पांढऱ्या, पिळदार मिशा.

भूत नसतं, हे जानरावांनी मनाशी म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची गरज का पडली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"जयभीम," मिशा हलल्या. "बसा. भेलात काय?"

"नाई."

"मंग घाम?"

"ऊन लई हाये."

"हाये खरं," पंजाबराव तेलगोटे म्हणाले. "म्या दोन वर्सांत पाह्यलं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, थांबत थांबत, ज्याला बोलायची सवय राहिलेली नाही असा माणूस बोलतो तसं. गोळ्यांनी रोग उतरला, कंबरेचं दुखणं गेलं, भूक लागू लागली. आणि छाती वाढू लागली. आधी सदरा घट्ट झाला. मग जिनिंगात कापसाच्या काट्यावर उभे असताना कोणीतरी म्हणालं की आता काट्यावर दोन गाठी जास्त भरतात. सगळे हसले. पंजाबराव त्या दिवशी घरी आले ते पुन्हा पुढच्या उंबऱ्याबाहेर पडले नाहीत; मागच्या विहिरीवर जायचं तेही दिवस कलल्यावर, छाती झाकायला बायकोचं लुगडं अंगावर घेऊन. विचारणाऱ्यांना सुंदराबाईंनी नागपूरच्या दवाखान्यात आहेत म्हणून सांगितलं. दिवस गेले, महिने गेले, आणि लोकांनी आपापल्या मनाने त्यांना मारून टाकलं. बायाबापड्या भेटायला आल्या, रडल्या. सुंदराबाई नाही म्हणणार होत्या, पण रडणाऱ्या माणसाला मध्येच थांबवायचं कसं? पुढे समाजमंदिरात शोकसभाही झाली. मंदिर भिंतीला भिंत लागून, सगळं ऐकू येत होतं.

"लई चांगलं बोलले लोकं," पंजाबराव म्हणाले. "एकजन तं म्हने, असा माणूस पुन्हा होणे नाही. तोच तो, गाठीवाला. आता सांगा, एवढी मोठी शोकसभा झाल्यावर बाहेर कसा जाऊ?"

हे जानरावांना कायद्याने बरोबर वाटलं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. सुंदराबाईंनी तांब्या आणून ठेवला. खोलीत घड्याळ नव्हतं. आपण इथे आणखी थोडा वेळ बसलो तर बाहेर आपलीही शोकसभा होऊन जाईल, असा एक विचित्र विचार त्यांच्या मनात आला.

"गोळीनं जीव वाचते ना पण?" त्यांनी विचारलं.

"वाचते." पंजाबराव अंधारात पाहत राहिले. "वाचलेला जीव ठेवावा कुठं, हे डाक्टर सांगत नाही."

मग जानरावांनी, उभ्या जन्मात कोणा पुरुषाला विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हणाले, मले पाह्यचं हाये. पंजाबरावांनी बायकोकडे पाहिलं. सुंदराबाई चुलीकडे निघून गेल्या. पंजाबरावांनी लुगड्याचा पदर खांद्यावरून खाली सोडला आणि एखाद्या गुन्हेगारासारखी मान वळवली.

जानरावांनी पुढे वाकून नीट पाहिलं. जप्तीच्या मालाकडे पाहायची त्यांची जुनी नजर होती.

"एवढंच?" ते म्हणाले.

पंजाबरावांची मान सर्रकन वळली. दोन वर्षांत प्रथमच त्यांचा अपमान झाला होता. "एवढंच म्हन्जे?"

"नाई, मले वाटलं लई असन. आमच्या कोर्टातल्या नाझराले याच्यापक्षा जास्त हाये. तो तं गोळ्याबी खात नाही."

आधी काहीच झालं नाही. मग पंजाबरावांच्या पोटातून एक आवाज निघाला. कोरड्या विहिरीत दगड गडगडत जावा तसा. तो घशाशी येऊन अडकला, फाटला, आणि घरभर झाला. सुंदराबाई चुलीपासून धावत आल्या आणि दारात थिजून उभ्या राहिल्या. नवरा हसतो आहे हे त्यांना जरा वेळाने समजलं. तो आवाज बाहेर बंद गल्लीतही गेला असणार, कारण जानराव परत निघाले तेव्हा ताडपत्री गुंडाळलेली होती आणि चहावाल्याचा पत्ता नव्हता. भट्टीवरचं आधण तसंच उकळत होतं.

घरी येऊन त्यांनी चतुराबाईंना पहिल्यांदा सगळं सांगितलं. गोळी काय, ऑपरेशन काय, तेलगोटे काय. चतुराबाई तूर निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या. जानराव म्हणाले की गोळी रोज घ्यायची म्हणजे रोज सकाळी नव्याने ठरवायचं, तेवढा दम आपल्यात नाही. ऑपरेशन एकदाच. पण त्यानंतर मी कोण राहीन ते सांगता येत नाही.

"तुमी कोण हा ते मले ठाऊक हाये," चतुराबाई म्हणाल्या. "जित्ते राहा. बाकीचं मी पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी जानराव शेषरावांच्या ओट्यावर गेले, सगळे जमलेले असताना. आपल्याला कोणता रोग झाला, तो कुठे झाला, आणि दवाखान्यात काय कापणार आहेत, हे त्यांनी समन्स वाचून दाखवायच्या आवाजात नाव घेऊन सांगितलं. ओटा गार पडला. कुजबुजायला काही उरलंच नव्हतं. नत्थुजींनी तेवढं ढवळ्याचं नाव काढलं, तर जानराव म्हणाले, हो, तसंच.

दवाखान्यात मात्र निराळंच झालं. रजिस्टर भरणाऱ्या कारकुनाकडे या ऑपरेशनसाठी रकानाच नव्हता. त्याने बराच विचार करून जानरावांना कुटुंबनियोजनाच्या रांगेत बसवलं. पंचविशी-तिशीच्या पोरांमध्ये पांढऱ्या केसांचे जानराव. मुलं किती, म्हणून त्याने विचारलं. एकच मुलगी, तिलाही मुलं झालेली, हे ऐकून कारकून म्हणाला की एवढी घाई कशाला करता. मग नर्सबाई आल्या आणि ऑपरेशननंतर पुरुषपणात कसलाही फरक पडत नाही हे त्यांनी खणखणीत आवाजात समजावून दिलं. जानरावांनी बोट वर केलं.

"मह्यात पडणार हाये, बाई. मी दुसऱ्या रांगेतला हावो."

सबंध रांग त्यांच्याकडे वळून पाहू लागली. मग पोरं हळूहळू बाकावर सरकली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी झाली, मेलेल्या माणसाभोवती होते तशी. जानराव त्या मोकळ्या जागेत ताठ बसून राहिले, डॉक्टरांनी येऊन त्यांना उठवेपर्यंत.

ऑपरेशन झालं. लहानसंच होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दुपारच्या वेळी, वॉर्डातली सगळी बोलणी एकदम थांबली. दारात एक उंच म्हातारा उभा होता. धोतर, पांढऱ्या पिळदार मिशा, आणि अंगात नुसता मलमलीचा सदरा, त्यातून सगळं स्पष्ट दिसत होतं. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याने चादर तोंडावर घेतली. वॉर्डबॉयने त्यांना बायकांचा वॉर्ड पलीकडे असल्याचं सांगितलं, मग मिशा पाहिल्या, आणि तो भिंतीला लागून उभा राहिला.

पंजाबराव सरळ जानरावांच्या खाटेशी आले आणि स्टुलावर बसले. ऑपरेशनचं सुंदराबाईंना गोळ्या न्यायला आल्या तेव्हा डॉक्टरांकडून कळलं होतं. त्यांना चांगलीच धाप लागली होती. घरातून निघताना गल्लीत काय झालं ते त्यांनी सांगितलं. भर उन्हात मेलेला माणूस चालत येताना पाहून लोकांनी दारं लावली, एका बाईने मिठाच्या मुठी फेकल्या, आणि तो शोकसभेत बोललेला मनुष्य रस्त्यातच मटकन खाली बसला. पंजाबरावांनी त्याला हात देऊन उठवलं. उठल्यावर तो म्हणाला की हात गरम आहे. हे त्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं, पण कोणी दार उघडलं नाही.

"मंग?" जानरावांनी विचारलं.

"मंग काय. गाडीले उशीर व्हत व्हता. आलो निंघून."

पुढे पंजाबराव बरीच वर्षं जगले, गोळ्या खात, रोज बाजारात जात. अर्ध्या मोहल्ल्याने ते जिवंत असल्याचं मान्य केलं. उरलेला अर्धा मोहल्ला शेवटपर्यंत म्हणत राहिला की भूत आहे, पण वागायला चांगलं आहे, तेव्हा राहू द्या.

जानरावांची जखम भरली. कंबरेतली कळ गेली, घाम तेवढा अवेळी सुटू लागला. कोपऱ्यावरचं कुत्रं पुन्हा भुंकू लागलं, त्याचा त्यांना मनापासून आनंद झाला. ओट्यावर शेषरावांचे सल्ले पूर्ववत सुरू झाले. आता ते गुडघ्यांविषयी होते.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, कडी वाजली. दारात शेषराव मास्तर उभे होते. छत्री मिटलेली, डोक्यावर ऊन तसंच घेतलेलं. ते आत येऊन बसले. तुरीचा भाव बोलले, पावसाचा अंदाज बोलले, सरकारला नावं ठेवली. चतुराबाईंनी पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. मग बोलायचं सगळं संपलं. बाहेर झळ दाराला घासून गेली.

"जानराव," शेषराव पेल्यात पाहत म्हणाले, "तुमाले सुरुवातीले कसं कसं व्हत होतं?"

जानरावांनी चतुराबाईंकडे पाहिलं. त्या उठून आत गेल्या. जानराव शेषरावांजवळ सरकून बसले, इतके जवळ की गुडघ्याला गुडघा लागला.

"सांगतो," ते म्हणाले. "आधी पाणी प्या."